‘नेटिव्ह स्पीकर’ कोण ठरवतं? भाषेवरचा रिसर्च आणि पासपोर्टचा नियम



एम.ए. इंग्लिश झालेल्या, नेट-सेट करणाऱ्या किंवा पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या वाचकांकडून मला दोन प्रश्न सारखे येतात. पहिला पोटापाण्याचा : “मॅडम, कोरिया किंवा चीनमध्ये इंग्रजी शिकवायला आपल्याला घेतात का?” दुसरा विषयाचा : “नॉन-नेटिव्ह इंग्लिश टीचर्सवर होणारा भेदभाव हा विषय पीएचडीला चालेल का?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘चालेल’ असं आहे. या विषयावर तीस-पस्तीस वर्षांचं भरपूर लिखाण आहे, त्यामुळे लिटरेचर रिव्ह्यूची ददात नाही. पण हे लिखाण वाचून झाल्यावर पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसलात, तर ते तुम्हाला देता येणार नाही. ज्या विषयावर इतके पेपर आहेत, त्या विषयातला सगळ्यात साधा प्रश्न अनुत्तरित कसा राहतो? आजची पोस्ट त्याबद्दल आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : या रिसर्चने ‘नेटिव्ह स्पीकर’ ही कल्पना भाषेच्या अंगाने छान मोडून काढली, पण ती प्रत्यक्षात जिथे राबवली जाते त्या जागेकडे, म्हणजे व्हिसाच्या नियमाकडे, पुरेसं पाहिलं नाही. म्हणून त्याचे निष्कर्ष आणि त्याने सुचवलेले उपाय, दोन्ही थोडे बाजूला पडतात.

(ही पोस्ट व्हिसाचा सल्ला म्हणून वाचू नका. नियम बदलत असतात. अर्ज करायचा असेल तर त्या त्या देशाच्या दूतावासाचं चालू पान बघा, एजंटचं व्हॉट्सॲप नको.)

आधी, या रिसर्चने काय कमावलं

टीका करण्याआधी समोरच्याचं श्रेय द्यायचं असतं, नाहीतर लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे नुसती भांडणाची यादी होते.

१९८५ साली मूळचे केरळचे आणि कॅनडात काम करणारे कोशकार थॉमस पायकडे यांनी ‘द नेटिव्ह स्पीकर इज डेड!’ हे पुस्तक काढलं. भाषातज्ज्ञ ज्याला नेटिव्ह स्पीकर म्हणतात, त्याची धड व्याख्या कुणालाच करता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. १९९० मध्ये बेन रॅम्प्टन यांनी या एका शब्दात कोंबलेल्या गोष्टी सुट्या केल्या : भाषा वारशाने मिळणं वेगळं, तिच्याशी आपलेपणा वाटणं वेगळं आणि तिच्यात तरबेज असणं वेगळं. शिक्षक निवडताना तिसरी गोष्ट बघायला हवी, पहिली नव्हे, हे त्यातून सरळ निघतं.

१९९२ मध्ये रॉबर्ट फिलिप्सन यांचं ‘लिंग्विस्टिक इम्पिरिॲलिझम’ आलं. इंग्रजीचा आदर्श शिक्षक नेटिव्ह स्पीकरच असतो, या समजुतीचा माग त्यांनी १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे झालेल्या राष्ट्रकुल परिषदेपर्यंत नेला आणि या समजुतीला ‘नेटिव्ह स्पीकर फॅलसी’, म्हणजे तर्कदोष, म्हटलं. हंगेरीचे पेटर मेद्येश यांनी त्याच सुमारास दाखवलं की, स्वतः भाषा शिकलेल्या शिक्षकाकडे काही जमेच्या बाजू असतात. विद्यार्थी कुठे अडखळणार हे त्याला आधीच ठाऊक असतं, कारण तोही तिथेच अडखळलेला असतो. पुढे एड्रियन हॉलिडे यांनी ‘नेटिव्ह-स्पीकरिझम’ हा शब्द रूढ केला, म्हणजे ही नुसती चुकीची समजूत नसून इंग्रजी शिकवण्याच्या धंद्यात मुरलेली विचारसरणी आहे.

हे सगळं वाचाच. नेटच्या परीक्षेसाठी नव्हे, तर एखादी ‘उघड’ वाटणारी संकल्पना कशी उलगडायची याचा हा चांगला धडा आहे म्हणून.

जाहिराती मोजणारे पेपर, आणि तिथली अडचण

कल्पना मोडून झाली की पुढची पायरी म्हणजे भेदभाव दाखवून देणं. त्यासाठी रिसर्चर्सनी हाताशी असलेला डेटा घेतला : नोकरीच्या जाहिराती आणि संस्थाचालकांची मतं.

क्लार्क आणि पारान यांच्या २००७ च्या पेपरमध्ये यूकेतल्या इंग्रजी शिकवणाऱ्या संस्थांना प्रश्नावली पाठवली होती. उत्तर देणाऱ्यांपैकी ७२.३ टक्के संस्थांनी ‘शिक्षक नेटिव्ह असणं’ हा निकष बऱ्यापैकी किंवा फार महत्त्वाचा मानला. २०१३ मध्ये महबूब आणि गोल्डन यांनी पूर्व आशिया आणि मध्यपूर्वेतल्या नोकऱ्यांच्या ७७ जाहिराती तपासल्या. त्यांतल्या सुमारे ७९ टक्के जाहिरातींत ‘नेटिव्ह स्पीकर’ हे शब्द होते.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवले की आपण पटकन म्हणतो, “बघा, तिकडे ७२, इकडे ७९. भेदभाव सगळीकडे सारखाच.” थांबा. हे दोन आकडे एकच गोष्ट मोजतात का?

यूकेतल्या संस्थेला त्या काळी स्पेन किंवा पोलंडचा शिक्षक घ्यायचा असता तर घेता आला असता. दोन्ही देश युरोपियन युनियनमध्ये होते, व्हिसाचा प्रश्नच नव्हता. म्हणजे ती संस्था ‘नेटिव्ह हवा’ म्हणते तेव्हा ती तिची आवड असते. सोलमधल्या खासगी क्लासवाल्याला (तिथे त्याला ‘हागवॉन’ म्हणतात) समजा फिलिपिन्सची एक उत्तम शिक्षिका बाहेरून आणायची आहे. त्याच्या आवडीला काही किंमत नाही, कारण इमिग्रेशन खातं तिला तो व्हिसा देणारच नाही. तो जाहिरातीत ‘नेटिव्ह’ लिहितो तेव्हा कदाचित त्याची विचारसरणी बोलत असेल. कदाचित तो सरकारी नियमाचं नुसतं भाषांतर करत असेल. जाहिरात वाचून यातलं कोणतं खरं हे कळत नाही.

महबूब आणि गोल्डन यांना थोडं श्रेय द्यायला हवं. त्यांनी राष्ट्रीयत्व आणि नेटिव्ह असणं हे दोन वेगळे रकाने केले. पण हे दोन रकाने एकमेकांना कुठे बांधले गेलेत, ती गाठ जाहिरातीच्या कागदावर नसते. ती राजपत्रात आणि इमिग्रेशनच्या नियमावलीत असते. या शाखेतल्या नेहमी उद्धृत होणाऱ्या लेखांत व्हिसा सहसा ‘पार्श्वभूमी’च्या परिच्छेदात एक-दोन ओळींत येतो आणि मग मुख्य विश्लेषण पुन्हा वृत्ती, ओळख आणि आत्मविश्वास यांकडे वळतं.

कोरियाचा नियम : शब्द भाषेचा, मोजमाप पासपोर्टचं

आता प्रत्यक्ष नियम बघू. दक्षिण कोरियात परदेशी माणसाने भाषा शिकवायची तर ई-२ नावाचा व्हिसा लागतो. इंग्रजीसाठी तो सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, यूके, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. मूळ शैक्षणिक अट म्हणजे बॅचलर डिग्री, आणि ती कुठल्याही विषयातली चालते. म्हणजे प्राणिशास्त्राचा पदवीधर ऑस्ट्रेलियन पात्र, आणि इंग्रजी भाषाशास्त्रात पीएचडी केलेला नायजेरियन अपात्र.

इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. खरी मजा बारीक अक्षरांत आहे.

कोरियातल्या सरकारी शाळांत परदेशी शिक्षक आणणारा ‘एपिक’ हा कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे. त्यात सात देशांतल्या दोन गटांना एक जादा अट आहे. दक्षिण आफ्रिकेच्या आणि कॅनडातल्या क्युबेक प्रांताच्या उमेदवारांनी सातवीपासून पुढचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचे कागद द्यायचे.

ही अट दोनदा वाचा. क्युबेकमध्ये बहुसंख्य लोक फ्रेंच बोलतात. दक्षिण आफ्रिकेत २०११ च्या जनगणनेनुसार घरी इंग्रजी बोलणारे होते ९.६ टक्के. म्हणजे पासपोर्टवरून भाषा कळत नाही, हे कोरियाच्या व्यवस्थेला चांगलं ठाऊक आहे. आणि भाषा तपासायचा दुसरा एक मार्गही तिच्याकडे तयार आहे : शिक्षणाचं माध्यम. पण तो मार्ग ती फक्त पासपोर्टच्या पहिल्या दारातून आत आलेल्यांसाठीच वापरते. सातवीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेले विद्यार्थी नाशिकमध्ये आहेत, नैरोबीतही आहेत. त्यांना हा कागद दाखवायची संधीच नाही.

भारतातली बाजूही बघा. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे भारतात सुमारे २ लाख ६० हजार होते, त्यातले एक लाखाहून जास्त एकट्या महाराष्ट्रात. समजा, वांद्र्यातल्या एका घरात तीन पिढ्या इंग्रजीच बोलली जाते. त्या घरातली मुलगी भाषाशास्त्राच्या कुठल्याही व्याख्येने नेटिव्ह स्पीकर आहे. दुसरीकडे, डर्बनमध्ये घरी झुलू बोलणारी आणि सातवीपासून इंग्रजी शाळेत गेलेली मुलगी. दोघीही उत्तम शिक्षिका होऊ शकतील, तो वाद नाही. पण नियमाच्या भाषेत डर्बनची मुलगी ‘नेटिव्ह’ आणि वांद्र्याची ‘नॉन-नेटिव्ह’.

आणखी एक तपशील. विद्यापीठात शिकवण्यासाठी कोरियाचा वेगळा व्हिसा आहे, ई-१. त्याला ही सात देशांची यादी लागू नाही. म्हणजे एखादा भारतीय प्राध्यापक कोरियातल्या विद्यापीठात भावी इंग्रजी शिक्षकांना शिकवू शकतो, पण त्याच गावातल्या क्लासमध्ये दहा वर्षांच्या मुलाला ‘धिस इज अ पेन’ शिकवायचं तर त्याचा पासपोर्ट चालत नाही. नियमाला खरोखर भाषेची काळजी असती, तर हा क्रम उलटा दिसला असता.

दोन याद्या शेजारी ठेवा

कुणी म्हणेल, “कुठेतरी रेषा मारावीच लागते. ‘इंग्रजी बोलणारे देश’ कोणते हे काय जगाला माहीत नाही?”

माहीत आहे का खरंच? यूकेच्या गृहखात्याचीही अशीच एक यादी आहे. बहुसंख्य लोक इंग्रजी बोलतात असे देश त्यात आहेत, आणि तिथल्या नागरिकांना व्हिसासाठी इंग्रजीचा पुरावा द्यावा लागत नाही. त्या यादीत जमैका आहे, त्रिनिदाद आहे, गयाना आहे, बार्बाडोस आहे. दक्षिण आफ्रिका नाही.

म्हणजे किंग्स्टनचा माणूस लंडनच्या दृष्टीने इंग्रजीभाषक आणि सोलच्या दृष्टीने नाही. केपटाऊनचा माणूस सोलच्या दृष्टीने नेटिव्ह, आणि ज्या देशाची ती भाषा तो देशच त्याच्याकडे पुरावा मागतो. दोन सरकारं, एकच भाषा, दोन वेगळ्या याद्या.

रिसर्चच्या परीक्षेत आपण रिलायबिलिटी आणि व्हॅलिडिटी पाठ करतो. इथे ती वापरून बघा. दोन मोजपट्ट्या एकाच माणसाची दोन वेगळी मापं देत असतील, तर निदान एक पट्टी भाषा मोजत नाही. ‘नेटिव्ह स्पीकर’ ही चुकीची भाषिक संकल्पना आहे, असं सिद्ध करण्यात आपल्या शाखेने दशकं घालवली. पण व्हिसाच्या नियमात ती भाषिक संकल्पना राहिलेलीच नाही. तिथे ती राष्ट्रीयत्वाचं दुसरं नाव आहे. आणि कितीही चांगला भाषाशास्त्रीय युक्तिवाद केला तरी राष्ट्रीयत्वाला ढिम्म फरक पडत नाही.

भारताला मिळालेली फट

आता आपल्या थेट कामाचा भाग. ई-२ च्या सात देशांच्या भिंतीत भारतासाठी एक फट आहे. ती कशी पडली, हे समजून घेण्यासारखं आहे.

भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यात ऑगस्ट २००९ मध्ये सर्वंकष आर्थिक भागीदारी करार झाला. ‘सेपा’ म्हणतात तो. १ जानेवारी २०१० पासून तो लागू झाला. त्यात मालावरचं जकातशुल्क जसं आहे, तसं सेवा आणि व्यावसायिकांची ये-जा हेही आहे. कॉम्प्युटर इंजिनिअर, मॅनेजमेंट कन्सल्टंट अशा भारतीय व्यावसायिकांच्या यादीत आणखी एक नाव आहे : प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतले इंग्रजीचे सहायक शिक्षक.

भारतीय शिक्षकांसाठीची अट काय? पदवी, आणि शिवाय इंग्रजी शिकवण्याची शिक्षक पात्रता. आपल्या भाषेत, बी.एड. मेथड इंग्लिश धरा. सात देशांच्या नागरिकाला जी अट मुळात नाही, ती भारतीयाला आहे. म्हणजे भारतीय उमेदवार शिकवण्याच्या प्रशिक्षणात सरस असायला हवा, आणि तरी करारातला शब्द ‘सहायक’. शिवाय ही सवलत शाळांपुरती आहे. हागवॉन, जिथे बऱ्याच नोकऱ्या असतात, तिचा त्यात उल्लेख नाही.

या फटीबद्दल दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात.

एक, ती वाणिज्य मंत्रालयांच्या टेबलावर पडली. भारताकडे इंग्रजी जाणणारं मनुष्यबळ भरपूर आहे आणि भारताला सेवांसाठी दार उघडून हवं आहे, या देवाणघेवाणीत ती मिळाली. भारतीय इंग्रजीही इंग्रजीच आहे हे कुणी कुणाला पटवून दिल्याने नव्हे. ब्रज कचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली आणि भारताला बाहेरच्या वर्तुळात स्वतःच्या हक्काची जागा दिली, हे आपण सगळे शिकतो. पण कोरियाचं दार किलकिलं झालं ते जकातीच्या वाटाघाटीत.

दोन, अपवाद करताना नियम तसाच राहिला. भारत ‘आठवा नेटिव्ह देश’ झाला नाही. त्याच्यासाठी बाजूला एक वेगळी, अरुंद खिडकी काढली. आणि असा करार नसलेल्या फिलिपिन्स, घाना, श्रीलंका यांच्यासाठी तर खिडकीही नाही.

पीएचडीचा विषय शोधणाऱ्यांनी इथे थांबायला हवं. या खिडकीतून कोण गेलं? सहायक म्हणून गेलेल्यांना वर्गात काय काम मिळालं? ज्यांच्याकडे बी.एड. आहे, ते नोकऱ्या हागवॉनमध्ये असताना या सवलतीकडे बघतात तरी का? यातला एकेक प्रश्न ‘शिक्षकांचा आत्मविश्वास’ मोजणाऱ्या अजून एका प्रश्नावलीपेक्षा जास्त मोलाचा आहे.

नियम बदलतो तेव्हा कशाने बदलतो?

ई-२ च्या बाबतीत एक नियम बदललेला आपल्याला दिसतो, पण तो देशांच्या यादीचा नाही.

२००७ च्या अखेरीपासून कोरियाने ई-२ शिक्षकांना पोलीस पडताळणी, अमली पदार्थांची चाचणी आणि एचआयव्ही चाचणी सक्तीची केली. कोरियन नागरिक असलेल्या शिक्षकांना एचआयव्ही चाचणीची सक्ती नव्हती. परदेशी नागरिकत्व असलेल्या, पण कोरियन वंशाच्या शिक्षकांनाही नव्हती, कारण त्यांना एफ-४ हा वेगळा व्हिसा मिळतो. म्हणजे कॅलिफोर्नियात वाढलेले दोन मित्र एकाच शाळेत तेच काम करायला आले, तर कोरियन आडनावाच्या मित्राला चाचणी नाही आणि दुसऱ्याला आहे.

एका न्यूझीलंडच्या शिक्षिकेने दुसऱ्यांदा ही चाचणी करायला नकार दिला आणि तिच्या कराराचं नूतनीकरण झालं नाही. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीपर्यंत गेलं. मे २०१५ मध्ये समितीने तिच्या बाजूने मत दिलं. ही चाचणी सार्वजनिक आरोग्याच्या कारणाने समर्थनीय ठरत नाही आणि ती वंशावर आधारलेला भेद करते, असा त्याचा आशय. २०१७ मध्ये कोरियाने ई-२ शिक्षकांसाठीची एचआयव्ही चाचणीची अट काढून टाकली.

इथे लक्षात घ्या : तक्रारदार ‘नेटिव्ह’ होती. पासपोर्टच्या दारातून आत आलेल्या व्यक्तीला तक्रार करायला निदान जागा मिळाली. दारातच अडवलेल्याला ती जागा कुठे आहे? ज्याला व्हिसाच मिळाला नाही, त्याचा करार नसतो, पगार नसतो, नूतनीकरण नसतं. त्याच्यावर झालेला भेदभाव हा ‘न घडलेल्या’ घटनेचा असतो. म्हणूनच तो मोजायला अवघड. आणि म्हणूनच, मला वाटतं, आपल्या शाखेने मोजायला सोप्या जाहिरातींकडे धाव घेतली.

युरोपातही हीच दोन कुलपं दिसतात. ‘नेटिव्ह स्पीकर हवा’ अशी अट युनियनच्या कायद्यात बसत नाही, असं युरोपियन कमिशनने २००२ साली युरोपियन संसदेतल्या एका प्रश्नाला उत्तर देताना सांगितलं. पोलंडच्या शिक्षकाला त्याचा जर्मनीत उपयोग होतो. पुण्याच्या शिक्षकाला आधी वर्क परमिटचं कुलूप उघडावं लागतं, जाहिरातीचं कुलूप त्यानंतर येतं. एक कुलूप उघडलं म्हणून दार उघडत नाही.

चीनचं ‘तत्त्वतः’ आणि जपानचा वेगळा रस्ता

सगळे देश कोरियासारखे नाहीत, हेही नोंदवायला हवं. नाहीतर आपण एका केसवरून जगाचा निष्कर्ष काढू.

चीनने १ एप्रिल २०१७ पासून परदेशी कामगारांसाठी देशभर एकच वर्क परमिट पद्धत लागू केली. त्यात भाषा शिक्षकांनी ‘तत्त्वतः’ आपल्या मातृभाषेच्या देशातली मातृभाषा शिकवावी, पदवी असावी आणि दोन वर्षांचा अनुभव असावा, असं आहे. शिक्षणशास्त्राची किंवा भाषेची पदवी, आपल्या देशातला शिक्षकाचा परवाना किंवा भाषा शिकवण्याचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट असेल तर अनुभवाची अट माफ होते. इथे सगळा खेळ ‘तत्त्वतः’ या एका शब्दात आहे. सरकारी भाषेत ‘तत्त्वतः’ म्हणजे दार पूर्ण बंद नाही, पण किल्ली स्थानिक अधिकाऱ्याकडे. कागदावर भाषा आहे, प्रत्यक्षात विवेकाधिकार. असा नियम अभ्यासायचा तर मजकूर वाचून भागत नाही, तो कुठल्या शहरात कसा वापरला जातो हे बघावं लागतं.

जपानमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या ‘जेट’ कार्यक्रमात चार देश होते : अमेरिका, यूके, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. पुढे देश वाढत गेले आणि सहभागी देशांत भारतही आला, आकडा छोटा असला तरी. म्हणजे पूर्व आशियातल्या दोन शेजारी देशांत, ‘नेटिव्ह स्पीकर’चं वेड सारखंच असूनही, दारं वेगवेगळी आहेत. विचारसरणी एक आणि नियम दोन असतील, तर फरक विचारसरणीने समजावता येत नाही. तो नियम बनण्याच्या इतिहासातच शोधावा लागतो.

यावर तुम्ही काय आक्षेप घ्याल?

व्हायव्हाला बसलात तर दोन आक्षेप नक्की येतील.

पहिला : “हा नियमसुद्धा त्या विचारसरणीतूनच आला ना? मग फिलिप्सन आणि हॉलिडे चूक कसे?” ते चूक नाहीत. सात देशांची यादी आकाशातून पडली नाही. पण एखादी गोष्ट कुठून आली आणि ती आज कशावर टिकून आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उद्या कोरियातल्या सगळ्या पालकांचं मतपरिवर्तन झालं, तरी राजपत्रातली यादी आपोआप बदलणार नाही. उलट, पालकांचं मत तेच राहिलं तरी एखादा व्यापार करार दार उघडू शकतो, हे २०१० ने दाखवलं.

दुसरा : “कुणाला आत घ्यायचं हा प्रत्येक देशाचा अधिकार आहे. त्याला भेदभाव कसं म्हणता?” अधिकार आहेच. भारतही व्हिसा देताना देशादेशांत फरक करतो. पण देशाने ‘आम्हाला या सात देशांशी संबंध जपायचे आहेत’ असं म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तो म्हणतो, ‘आम्हाला चांगलं इंग्रजी हवंय.’ दिलेलं कारण आणि वापरलेलं मोजमाप यांत अंतर असेल, तर ते अंतर दाखवणं हे संशोधकाचं काम आहे. त्यासाठी देशाचा अधिकार नाकारायची गरज नाही.

मग सिनॉप्सिसमध्ये काय करायचं?

१. संकल्पनेची ऑपरेशनल डेफिनिशन कुणाची आहे ते लिहा. ‘नेटिव्ह स्पीकर’ तुमच्या अभ्यासात भाषातज्ज्ञाचा आहे, जाहिरातदाराचा आहे की इमिग्रेशन खात्याचा? तिन्ही एकाच शब्दाने लिहिलेत तर तिसऱ्या प्रकरणात डेटाची खिचडी होणार.

२. आकडा वापरण्याआधी विचारा : निर्णय कुणाच्या हातात होता? मालकाला निवड असेल तर तो आकडा त्याची आवड सांगतो. निवडच नसेल तर तो आकडा कायदा सांगतो. दोन्हींची बेरीज करू नका.

३. नियमाचा मजकूर प्राथमिक साधन म्हणून वाचा. तळटीप, अपवाद आणि ‘तत्त्वतः’सारखे शब्द सोडू नका. क्युबेकची अट कोरियाच्या धोरणाबद्दल जितकं सांगते, तितकं दहा मुलाखतींतून कळेलच असं नाही.

४. शिफारशी कुणाला उद्देशून आहेत ते तपासा. ‘नॉन-नेटिव्ह शिक्षकांनी आत्मविश्वास वाढवावा, अधिक प्रशिक्षण घ्यावं’ हे शेवटच्या प्रकरणातलं नेहमीचं वाक्य आहे. अडथळा पासपोर्टचा असेल तर हे वाक्य नुसतं निरुपयोगी नाही, महागडं आहे. असंच ऐकून कितीतरी मुलं ऑनलाइन टेफल सर्टिफिकेटसाठी पैसे भरतात आणि मग कळतं की ज्या देशाचं स्वप्न होतं, तिथे त्यांचा पासपोर्ट यादीतच नाही. उरतो तो टुरिस्ट व्हिसावर शिकवायला नेणारा एजंट. त्यात पकडलं गेलं तर दंड, परत पाठवणी आणि पुढच्या व्हिसावर डाग.

चौथा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला. आपण लिटरेचर रिव्ह्यूत जे उतरवतो, ते पुढे सेमिनारमध्ये, करिअर गायडन्सच्या तासाला आणि कोर्स विकणाऱ्यांच्या जाहिरातींत पाझरतं. ‘कौशल्य वाढवा, दार उघडेल’ असं सांगणारा रिसर्च चुकीच्या दारासमोर उभं राहून हे सांगत असेल, तर त्याची फी भरतो तो एम.ए. झालेला, बी.एड. केलेला, घरच्यांचे पैसे लावलेला विद्यार्थी.

म्हणून “कोरियात आपल्याला घेतात का?” या प्रश्नाला माझं उत्तर असं : सर्वसाधारण ई-२ वर नाही. सेपाच्या खिडकीतून, बी.एड.सह, शाळेत सहायक म्हणून पात्रता आहे, पण पात्रता म्हणजे जागा नव्हे. विद्यापीठात, त्या पात्रतेचे असाल तर, ई-१ ला देशांची यादी नाही. कुठल्याही कोर्सचे पैसे भरण्याआधी त्या देशाच्या इमिग्रेशन पानावर ‘राष्ट्रीयत्व’ हा शब्द शोधा. तो सापडला तर आधी तो वाचा, सर्टिफिकेटची अट नंतर.

तुमच्यापैकी कुणी सेपाच्या तरतुदीवर किंवा आखाती देशांतल्या शिक्षक भरतीच्या नियमांवर काम करत असाल, तर कमेंटमध्ये जरूर लिहा. सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा पाठवलात तरी वाचेन. पुढच्या पोस्टमध्ये सरकारी नियम, करार आणि परिपत्रकं डेटा म्हणून कशी कोड करायची, ते एक नमुना घेऊन बघू.